खवळलेल्या समुद्रात आउटरिगर कनूच्या शर्यतीची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हवाईतल्या ओआहू बेटावर राहते आणि गेली काही वर्षं इथल्या एका क्लबातून आउटरिगर कनू वल्हवते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, अमेरिकेतले मराठी मित्र आणि क्लबात नव्याने आलेली देशी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. शांत पाण्यातल्या वल्हवण्याबद्दल थोडं आहे. मुख्य विषय आहे वारा सुटलेला असताना, लाटा उभ्या असताना सराव कसा करायचा आणि कधी करायचा नाही.

आउटरिगर कनू म्हणजे नेमकी कशी होडी?

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे अरुंद होडीच्या एका बाजूला दांड्यांनी बांधलेलं तरंगतं लाकूड असतं, ती उलांडी. तत्त्व तेच. हवाईयन भाषेत होडीला ‘वाआ’, उलांडीला ‘आमा’ आणि होडीला उलांडी जोडणाऱ्या आडव्या दांड्यांना ‘इयाको’ म्हणतात. शर्यतीची होडी सहा जणांची, सुमारे तेरा मीटर लांब आणि इतकी अरुंद की बसल्यावर दोन्ही मांड्या कडांना टेकतात. उलांडी नेहमी डावीकडे. पूर्वी होडी कोआच्या लाकडातून कोरत, उलांडी हलक्या विलिविलीची आणि दांडे हाऊच्या लाकडाचे असत. आज बहुतेक होड्या फायबरग्लासच्या आहेत, पण कोआच्या होड्या अजूनही पाण्यात उतरतात आणि त्यांचा मान वेगळाच असतो.

या लेखात मी आमाला उलांडीच म्हणणार आहे. आपला शब्द असताना दुसरा कशाला?

तुम्ही कोणत्या शर्यतीची तयारी करता?

मोलोकाई बेटावरच्या हाले ओ लोनो बंदरातून निघून काइवी खाडी ओलांडायची आणि ओआहूवर वायकीकीला पोचायचं, साधारण ४१ मैल म्हणजे ६६ किलोमीटर. पुरुषांची शर्यत ‘मोलोकाई होए’ १९५२ साली सुरू झाली. त्या वर्षी तीनच होड्या होत्या आणि जिंकणाऱ्या मोलोकाईच्या चमूला ८ तास ५५ मिनिटं लागली होती. आज सर्वांत वेगवान चमू अनुकूल वाऱ्यात साडेचार तासांच्या आसपास पोचतात. बायकांना मात्र अधिकृत शर्यतीसाठी १९७९ पर्यंत थांबावं लागलं, कारण काइवी बायकांना झेपणार नाही असं मानलं जायचं. १९७५ मध्ये बायकांच्या चमूंनी शर्यतीशिवायच खाडी ओलांडून दाखवली, आणि चार वर्षांनी ‘ना वाहिने ओ के काई’ सुरू झाली. नावाचा अर्थ ‘समुद्राच्या स्त्रिया’. मी त्या नावाच्या टी-शर्टची घडीसुद्धा जपून घालते.

काइवीचं पाणी इतकं अवघड का?

मोलोकाई आणि ओआहू यांच्यामधलं हे पाणी सुमारे ४२ किलोमीटर रुंद आणि ७०० मीटर खोल आहे. ईशान्य-पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे मोकळ्या महासागरावरून येतात आणि दोन बेटांच्या डोंगरांमधल्या या फटीत शिरताना जोर धरतात. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यांच्या विरुद्ध वाहू लागला की लाटा जवळजवळ येतात आणि भिंतीसारख्या उभ्या राहतात.

मोलोकाईहून ओआहूकडे जाताना वारा मागून आणि उजवीकडून लागतो. ही एका अर्थी मेहेरबानी आहे, कारण वाऱ्याच्या लाटा होडीला पुढे ढकलतात. पण त्याच वेळी दक्षिणेकडची लांबची लाट डावीकडून येऊन उलांडी खालून उचलते. ओआहूचा किनारा जवळ आला की मकापूऊपासून कोको हेडपर्यंतच्या कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा तिसऱ्या दिशेने येतात. तीन दिशांच्या लाटा एका ठिकाणी भेटतात तेव्हा पाण्याला काही लय उरत नाही. चार तास वल्हवून थकल्यावर हे पाणी समोर येतं. म्हणूनच सरावाचा मोठा भाग आम्ही थकलेल्या अवस्थेत खवळलेल्या पाण्यात जाण्यावर खर्च करतो.

नवख्या माणसाने खवळलेल्या पाण्यात कधी उतरायचं?

तीन गोष्टी जमल्याशिवाय नाही. कपड्यांसकट समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, अर्धा तास न घाबरता तरंगता आलं पाहिजे. उलटलेली होडी शांत पाण्यात सरळ करण्याचा सराव किमान चार-पाच वेळा केलेला असला पाहिजे. आणि पुढच्याच्या वल्ह्याबरोबर आपलं वल्हं पाण्यात घालण्याची सवय इतकी मुरलेली हवी की डोळे लाटेकडे असले तरी हात चुकणार नाहीत.

ताकद मी यादीत घातली नाही, ते मुद्दाम. क्लबात दर वर्षी एखादा व्यायामशाळेत कमावलेला तगडा माणूस येतो आणि पहिल्या वाऱ्याच्या दिवशी होडीच्या कडा घट्ट धरून बसतो. त्याच्या शेजारी पन्नाशीची एखादी बाई शांतपणे वल्हवत असते, कारण तिला उलटण्याची भीती उरलेली नसते. ती भीती बोलून जात नाही. वीसदा उलटून वीसदा पुन्हा आत चढल्यावर जाते.

होडी उलटली तर काय करायचं?

उलटण्याला इथे ‘हुली’ म्हणतात. खवळलेल्या पाण्याच्या तयारीतला हा सर्वांत महत्त्वाचा धडा, म्हणून नीट सांगते.

आधी आवाज. डोकं पाण्याबाहेर आलं की प्रत्येकाने आपल्या जागेचा आकडा ओरडायचा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा आकडे ऐकू येईपर्यंत कोणी वल्हं, टोपी, पाण्याची बाटली शोधायची नाही. लाटांच्या दिवशी होडीवर कॅनव्हासचं आवरण ओढलेलं असतं, त्यात आपापल्या जागी कमरेइतकी भोकं असतात. उलटताना पाय त्यात अडकू शकतात. आमच्या एका सरावात पाच आकडे आले आणि ‘चार’ आलाच नाही. काही सेकंदच गेले असतील. पाचवीने होडीखाली हात घातला, तर चौथी आत होती. पालथ्या होडीत अडकलेल्या हवेत तिचं डोकं होतं, ती श्वास घेत होती आणि आकडासुद्धा ओरडत होती, पण बाहेर ऐकू येत नव्हता. तेव्हापासून आमचा नियम असा की मोजणी होताना प्रत्येकजण होडीला हात लावून असतो आणि शेजारच्या जागेकडे बघतो. आकडा आला नाही तर त्याच क्षणी खाली हात.

मग जागा घ्यायच्या. एकजण पुढची नाळ धरून तिचं तोंड वाऱ्याकडे ठेवतो, नाहीतर होडी लाटेला आडवी होते आणि सरळ केल्यावर लगेच पुन्हा पालथी पडते. एकजण वल्ही गोळा करतो. दोघं तरंगणाऱ्या उलांडीपाशी जातात. उरलेले दोघं, शक्यतो वजनदार, उलांडीच्या विरुद्ध बाजूला पालथ्या होडीच्या कडेवर उभे राहतात आणि तळावरून हात पुढे घालून आडवे दांडे धरतात. लाट खालून उचलते त्या क्षणी उलांडीपाशी असलेले वर ढकलतात, उभे असलेले शरीराचं सगळं वजन मागे टाकतात. उलांडी पाण्यातून सुटते, डोक्यावरून फिरते आणि ओढणाऱ्यांच्या बाजूला आपटते. इथे माणसं जखमी होतात. ओढणाऱ्याने मागे पडताना दोन दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडायचं आणि डोक्यावर हात ठेवायचे. हे शांत पाण्यात इतक्या वेळा करायचं की अंधारातही जागा चुकणार नाही.

आता होडी सरळ आहे, पण काठोकाठ भरलेली. सगळ्यांनी एकदम चढायचं नाही. हलकी दोन माणसं आत जातात आणि उपसायला लागतात, बाकीचे कडा धरून होडी स्थिर ठेवतात. उपसण्यासाठी ब्लीचच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा तळ कापून भांडी केलेली असतात. ती दोरीने बांधलेली हवीत, कारण हुलीनंतर सर्वांत आधी हरवतात ती हीच. पाणी निम्म्यावर आलं की मधली माणसं चढतात आणि लगेच हळूहळू वल्हवायला लागतात, कारण पुढे सरकणारी होडी थांबलेल्या होडीपेक्षा स्थिर असते.

आमचा चमू शांत पाण्यात हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकतो. लाटांत त्याच्या दुप्पट वेळ धरा.

पण होडी उलटूच नये म्हणून काय करतात?

आधी होडी का उलटते ते समजून घ्या. डावीकडे झुकली तर उलांडी पाण्यात दबते आणि तिची तरंगण्याची शक्ती होडीला परत वर ढकलते. उजवीकडे झुकली तर उलांडी हवेत उठते, आणि तेव्हा तिला खाली ओढायला फक्त तिचं स्वतःचं वजन असतं. म्हणून होडी जवळजवळ नेहमी उजवीकडेच पालथी होते.

त्यामुळे पहिल्या दिवसापासून वजन किंचित डावीकडे ठेवायची सवय लावतात. डावीकडचा नितंब जड, उजवीकडे वल्हवताना शरीर कडेबाहेर झोकायचं नाही. उलांडी उठताना दिसली की दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरचे लोक डावा हात किंवा वल्हं दांड्यावर टाकतात. आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट: वल्ह्याचं पातं पाण्यात ठेवा. पाण्यातलं पातं म्हणजे टेकलेली काठी. घाबरलेला माणूस वल्हं वर उचलतो आणि सगळ्यांचा आधार काढून घेतो.

दांड्यांच्या बांधणीकडे शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मिळून बघतो. सुती दोरी ओली झाली की आवळते, पण आधी सैल बांधलेली असेल तर आवळूनही सैलच राहते. खवळलेल्या पाण्यासाठी उलांडी थोडी बाहेरच्या अंगाला ठेवून बांधतात. वेग जरा कमी होतो, पण उलटून गमावलेल्या दहा मिनिटांपुढे ते काहीच नाही.

लाटांत वल्हवण्याचं तंत्र बदलतं का?

बदलतं. शांत पाण्यात आपण लांब हात टाकतो, कंबर वळवून पुढे पोचतो, पातं पूर्ण बुडवून मांडीपर्यंत ओढतो. लाटांत हात आखूड आणि थोडे जलद होतात. पहिल्या जागेवर बसणाऱ्याचं काम सर्वांत अवघड. नाळ लाटेवर चढून हवेत गेली की त्याच्या वल्ह्याखाली पाणीच नसतं, आणि तो रिकाम्या हवेत वल्हं फिरवतो. तरीही त्याने लय मोडायची नाही, कारण मागचे पाचजण त्याच्या खांद्याकडे बघून वल्हवत असतात.

बाजू बदलण्याची हाक साधारण १२ ते १५ वल्ह्यांनी येते, ‘हट’ आणि मग ‘हो’. लाटांत तिसऱ्या जागेवरचा हाक देणारा लाटेचा अंदाज घेऊन ती एखादं वल्हं पुढे-मागे करतो. लाटेच्या माथ्यावर सहाजणांनी एकदम बाजू बदलली की क्षणभर एकही पातं पाण्यात नसतं. उलटायला एवढा क्षण पुरतो.

वाऱ्याच्या विरुद्ध जाण्याचा सराव कोणालाच आवडत नाही आणि तोच सर्वांत जास्त शिकवतो. तासभर समोरून वारा घेत गेल्यावर कोणाचा हात लवकर बाहेर येतो, कोणाचा श्वास तुटतो, ते होडीलाच कळतं.

मागून येणाऱ्या लाटेवर होडी खरंच सर्फिंग करते?

करते, आणि या खेळाचं खरं सुख तेच आहे. पण गणित समजलं तर जास्त जमतं. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तनकाळावर ठरतो, म्हणजे दोन माथे एका जागेवरून जायला किती सेकंद लागतात त्यावर. आठ सेकंदांची लाट ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास पळते आणि तिच्या दोन माथ्यांत सुमारे १०० मीटर अंतर असतं. आपली होडी सपाट पाण्यात ताशी १२ ते १४ किलोमीटर. ती लाट आपल्याखालून निघून जाणार, तिच्यामागे धावणं म्हणजे दम वाया घालवणं. चार सेकंदांची लहान, वाऱ्याने नुकती उठवलेली लाट मात्र ताशी २२ किलोमीटरच्या जवळपास असते. मोठ्या लाटेने मागून उचललं की तिच्या उतारावरून या लहान लाटेच्या कुशीत घुसता येतं.

म्हणून नजर होडीच्या नाळेसमोरच्या खोलगट जागेकडे हवी. नाळ खाली झुकायला लागली की सहाजणांनी मिळून पाच-सहा जोरदार वल्ही, मग हलका हात आणि पुढच्या उताराचा शोध. मागे वळून लाट बघणाऱ्या नवख्यांना मी एकच सांगते: मागची लाट तुम्हाला कंबरेत जाणवेल, पुढची मात्र डोळ्यांनीच शोधावी लागेल.

हवाई काईपासून डायमंड हेडला वळसा घालून वायकीकीकडे येणारा पट्टा या सरावासाठी उत्तम आहे. वारा पाठीशी असतो आणि किनारा कधीच फार लांब नसतो.

सहाव्या जागेवर बसणाऱ्याने काय वेगळं शिकायचं?

सहाव्या जागेवर सुकाणू धरणारा बसतो. इथे होडीला बसवलेलं सुकाणू नसतं. तो आपलं वल्हं होडीच्या कडेला उभं दाबून दिशा धरतो. लाटेवर होडी धावत असताना मागचा भाग घसरून ती लाटेला आडवी होऊ पाहते, आणि तेव्हा योग्य बाजूला, योग्य क्षणी, योग्य इतकंच दाबावं लागतं. उशीर झाला की दाबूनही उपयोग नसतो. यासाठी वर्षं लागतात. आपल्या कोकणातला तांडेल जसा लाटेच्या आधी हलतो, तसं काहीसं. माझी ती पात्रता नाही, मी दुसऱ्या-चौथ्या जागेची बाई. पण सहाव्या जागेच्या माणसाला ‘नको, परत फिरू’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार असावा आणि बाकी पाचांनी त्यावर वाद घालू नये, हे मात्र मी ठासून सांगेन.

हवामानाचा अंदाज कसा वाचायचा? कोणत्या दिवशी जायचंच नाही?

आम्ही तीन गोष्टी बघतो. राष्ट्रीय हवामान सेवेच्या होनोलुलू कार्यालयाचा सागरी अंदाज, समुद्रात तरंगणाऱ्या हवाई विद्यापीठाच्या बोयांवरून (मोजमापाच्या तरंगत्या पिंपांवरून) येणारी लाटांची ताजी उंची, दिशा आणि आवर्तनकाळ, आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं पाण्याकडे बघणं. वारा २५ नॉट म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर किंवा लाटा १० फुटांवर जाणार असतील तर हवामान सेवा लहान बोटींसाठी इशारा देते. तो इशारा असेल तर आमचा खाडीतला सराव रद्द.

नुसत्या उंचीवर जाऊ नका. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी सहा फुटांची लाट खोल पाण्यात पाळण्यासारखी वाटते, तीच उथळावर प्रचंड फुटते. पाच सेकंदांची चार फुटांची लाट मात्र खोल पाण्यातही हाडं खिळखिळी करते. शिवाय हवाईतले जुने लोक लाट मागच्या बाजूने मोजतात, म्हणजे त्यांची ‘चार फूट’ लाट समोरून पाहणाऱ्याला जवळपास दुप्पट दिसते. कोण सांगतंय ते बघून आकडा समजून घ्यायचा.

लांब पल्ल्याचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि चक्रीवादळांचा काळही तोच. परत फिरण्याचासुद्धा सराव करावा लागतो, हे मला इथे येऊन कळलं. आम्ही सरावाआधीच ठरवतो: अमुक टोकापर्यंत पोचल्यावर थांबायचं, सगळ्यांचे चेहरे बघायचे, आणि एकानेही मान हलवली तर वळायचं. कारण विचारायचं नाही. हंगामात दोन-तीनदा आम्ही असे वळतो. पहिल्या वर्षी मला याची लाज वाटली होती. आता ज्या चमूला वळता येत नाही, त्याच्याबरोबर मी खाडीत जात नाही.

माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. आता तो सरकारी नियम आहे, पण पावसाळ्यात दर्याला मोकळा सोडायचा आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच उतरायचं, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

होडी उलटली आणि किनारा दिसत असेल तर पोहत जायचं का?

नाही. होडीला धरून राहायचं. उलटलेली होडी तरंगते, ती मोठी असते, आणि शोधणाऱ्याला एकट्या डोक्यापेक्षा कितीतरी लवकर दिसते.

इथल्या प्रत्येक वल्हेकऱ्याला एडी ऐकाऊंची कहाणी माहीत आहे. १६ मार्च १९७८ ला ‘होकुलेआ’ ही दुहेरी सांगाड्याची पारंपरिक शिडाची होडी होनोलुलूहून ताहितीकडे निघाली आणि त्याच रात्री मोलोकाईच्या दक्षिणेला वादळी पाण्यात उलटली. दुसऱ्या दिवशी एडी ऐकाऊ, नावाजलेला जीवरक्षक आणि सर्फर, साथीदारांसाठी मदत आणायला आपल्या सर्फबोर्डवरून लानाई बेटाकडे निघाला. तो परत कधीच सापडला नाही. होडीला धरून राहिलेले बाकीचे नंतर एका विमानातून दिसले आणि वाचले. एडीच्या धैर्याबद्दल इथे प्रत्येकाच्या मनात आदर आहे, माझ्याही. त्यानंतर होकुलेआ चालवणाऱ्या पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटीने प्रशिक्षण आणि सुरक्षेची पद्धत पार बदलली, सोबत रक्षक बोट ठेवायला सुरुवात केली. आमच्या सरावातही सोबतची बोट नसेल तर खाडीत पाऊल नाही.

शर्यतीत माणसं मधेच पाण्यात उडी मारून बदलतात, हे खरं?

खरं. बदलीचे वल्हेकरी सोबतच्या बोटीत असतात. बोट होडीच्या पुढे जाते, त्यांना एका रांगेत पाण्यात सोडते आणि बाजूला होते. होडी त्यांच्यावर चालून येते, ते उलांडी आणि होडी यांच्या मधून, म्हणजे डावीकडून, कड धरून आत चढतात आणि त्याच क्षणी आतले उजवीकडून बाहेर पडतात. लाटांत पाण्यातल्या माणसाला होडी दिसतच नाही, फक्त माथ्यावर आल्यावर झलक दिसते. म्हणून रांगेत अंतर सारखं हवं आणि हात वर करून ठेवायचा. आम्ही पाच-सहा शनिवार नुसतं हेच करतो. पहिल्या दिवशी माझ्या बरगड्या दांड्यावर आपटल्या होत्या. चढताना हातांनी ओढू नका, पाण्यात जोरात पाय मारून छाती वर काढा, मग हात आपोआप पोचतात.

जमिनीवर कोणता व्यायाम करायचा?

पाठ, पोट आणि कंबर वळवण्याची ताकद. दंडांवर भर दिलात तर खांदे दुखावतात. खाली ओढण्याचे, एका हाताने वजन ओढण्याचे आणि फळीसारखं स्थिर राहण्याचे व्यायाम पुरे. जोर आणि सूर्यनमस्कार मी लहानपणापासून घालते, ते फार कामी येतात, विशेषतः खांदे मोकळे ठेवायला. आठवड्यातून तीन संध्याकाळी पाण्यात आणि शनिवारी सकाळी लांब पल्ला, एवढ्यावर मी भागवते. पोहणं त्याशिवाय.

मला बोट लागते. मी हा खेळ खेळू शकते का?

वल्हवताना सहसा लागत नाही, कारण नजर दूर असते आणि शरीर कामात असतं. लागते ती सोबतच्या बोटीत, डिझेलच्या वासात, बदलीची वाट बघत बसल्यावर. तिथे क्षितिजाकडे बघा, मोबाइल बघू नका, आल्याचा तुकडा चघळा. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. काहींना गुंगी येते.

पाच-सहा तास काय खायचं, काय प्यायचं?

तहान लागण्याआधी थोडं थोडं पाणी, आणि त्यात मीठ. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते कोरडं पडण्याइतकंच धोक्याचं असतं. इथले लोक मुसुबी खातात, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा, बहुधा स्पॅम या डबाबंद मांसाचा तुकडा घालून. मी भातात मीठ आणि लिंबू घालून तसेच छोटे गोळे करते आणि बरोबर खजूर ठेवते. चिक्की एकदा नेली होती. कोरड्या तोंडात शेंगदाणे गिळता येत नाहीत.

लाइफ जॅकेट घालायचं की नाही?

शर्यतीत नियम काय सांगतात ते आयोजकांकडून बघा. खवळलेल्या पाण्यातल्या सरावात मी कमरेचा फुगवता येणारा पट्टा घालते आणि नवख्यांना तो घातल्याशिवाय माझ्या होडीत घेत नाही. जोडीला शिटी, जलरोधक पिशवीत फोन आणि किमान एक व्हीएचएफ रेडिओ. चॅनेल १६ वर मदत मागायची असते, ते सहाही जणांना माहीत हवं. रेडिओ ज्याच्याकडे असतो तोच बेशुद्ध पडू शकतो.

एकट्याने छोट्या होडीतून सराव केला तर चालेल?

शिकण्यासाठी एकट्याची होडी फार चांगली, कारण चूक लपवायला कोणी नसतं. पण वारा असेल तर पायाला दोरी बांधल्याशिवाय नाही. पडल्यावर रिकामी होडी वाऱ्याबरोबर इतकी वेगाने पळते की चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. आणि जोडीला दुसरी होडी हवी.

शार्क?

इतक्या वर्षांत सरावात मी एकदाच पंख पाहिला, आणि तो डॉल्फिनचा निघाला. जेलीफिशची काळजी जास्त करा. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिश येतात. बदलीच्या सरावाची तारीख आम्ही तिथी बघून ठरवतो.

होडीपाशी कसं वागायचं?

होडी ओलांडायची नाही. तिच्यात वाळूचे पाय घेऊन चढायचं नाही. शिवीगाळ, भांडण किनाऱ्यावर ठेवून यायचं. निघण्याआधी सगळे हात धरून उभे राहतात आणि कोणीतरी ‘पुले’, म्हणजे प्रार्थना म्हणतं. आपण पाहुणे आहोत. ही इथल्या लोकांची विद्या आहे, त्यांच्या पूर्वजांनी याच होड्यांतून हा महासागर वसवला. उशिरा येऊन गोल करून उभे राहिलेल्या लोकांमागे घाईघाईने चपला काढणारी देशी मंडळी पाहिली की मला वाईट वाटतं, म्हणून हे लिहिलं.

माझं वय ४८ आहे. उशीर झाला का?

नाही. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्यांसाठी वेगळे वयोगट असतात आणि साठीच्या पुढचे चमूही खाडी ओलांडतात. वसंतात नवख्यांचा सराव सुरू होतो, उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या छोट्या शर्यती असतात. पहिलं वर्ष तिथेच घालवा. दुसऱ्या वर्षी सोबतच्या बोटीत बसून खाडी बघा. तिसऱ्या वर्षी विचारा.

शर्यतीच्या आदल्या रात्री तुम्ही काय करता?

मोलोकाईवर लवकर जेवून घेतो. कॅनव्हासची चेन दोनदा उघडून-लावून बघते, मिठाने अडकलेली चेन उलटलेल्या होडीत उघडत नाही. उपसायची भांडी बांधलेली आहेत का ते बघते. काखेत आणि मांड्यांना पेट्रोलियम जेली लावायची डबी वल्ह्याशेजारी ठेवते. मग आम्ही सगळ्याजणी गोल बसून जागेचे आकडे मोठ्याने म्हणतो, एकापासून सहापर्यंत, दोन फेऱ्या, आणि बदलीच्या तिघींनाही त्यांच्या जागा म्हणायला लावतो. पहाटे चारला उठायचं असतं.